मल्गाच्या रानाचे कार्बन क्रेडिट: पाचपैकी अडीच तारे

ऑफिसच्या विमानप्रवासाची भरपाई म्हणून आम्ही ऑस्ट्रेलियन कार्बन क्रेडिट युनिट घेतले, एका दलालामार्फत. एक युनिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. आम्हाला ३५ डॉलरच्या आतबाहेर पडलं. पैसे भरले, रजिस्ट्रीत युनिट रद्द झाले (म्हणजे आमच्या नावे वापरून संपले, पुन्हा विकता येणार नाहीत), क्रमांक हातात आले. इथवर चोख काम.

आता मालाबद्दल. प्रकल्प नैऋत्य क्वीन्सलंडमधला, कनामल्लाच्या बाजूचा. इथे रोपं कुणी लावत नाही. जमिनीतलं बी आणि खुरटलेला मल्गा (तिथली बाभळीच्या कुळातली झाडं) मेंढ्या, गुरं, रानबकऱ्यांच्या तोंडून वाचवायचा, बुलडोझर आणायचा नाही, बस. दोन मीटर उंची आणि २० टक्के जमिनीवर झाडांचं छत्र धरण्याच्या वाटेवर ते रान आहे असं दिसलं की क्रेडिट सुरू. कार्बन मोजतात फुलकॅम नावाच्या मॉडेलवर, प्रत्येक खोडाला फीत लावून नव्हे. रान टिकवण्याची हमी २५ वर्षांची असेल तर २० टक्के युनिट कापले जातात, हे मला आवडलं.

मग मी योजनेच्या सरकारी नियामकाच्या नोंदवहीतून कार्बन क्षेत्राचा (ज्या तुकड्यांवर क्रेडिट मिळतं त्यांचा) नकाशा उतरवून जुन्या उपग्रहचित्रांवर ठेवला. पाणवठ्याजवळचा तांबडा, उघडा तुकडा खरंच भरून आलाय, नवी झुडपं ठिपक्याठिपक्यानं दिसतात. पण ओढ्याकाठचा पट्टा? प्रकल्पाआधीही जवळपास तितकाच दाट! आणि जी वाढ झाली, ती चराई कमी केल्यानं की ला निन्याच्या (तिकडे जास्त पाऊस आणणाऱ्या हवामानचक्राच्या) २०१०-१२ च्या धो धो पावसानं, हे दलालाला विचारलं. उत्तर आलं, 'मॉडेलप्रमाणे सगळं बरोबर आहे.' अहो, मी मॉडेलबद्दल विचारलंच नव्हतं.

ही शंका माझी एकट्याची नाही. २०२२ च्या चब समितीनं, म्हणजे सरकारनं या क्रेडिट योजनेच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीनं, योजना मुळात ठीक ठरवली. २०२४ मध्ये अशाच १८२ प्रकल्पांचं वृक्षाच्छादन तपासणाऱ्या संशोधकांना मात्र बहुतेक ठिकाणी नगण्य किंवा उलटाच बदल दिसला. ही पद्धत सप्टेंबर २०२३ अखेर नव्या प्रकल्पांना बंद झाली, जुन्यांचे युनिट बाजारात येतच आहेत.

चराई आवरल्यानं त्या जमिनीचं भलं होतं, याबद्दल माझं दुमत नाही. पण पुढच्या खेपेला आम्ही प्रत्यक्ष लागवडीचे युनिट घेणार, महाग पडले तरी. तुम्हाला हेच घ्यायचे असतील तर पैसे देण्याआधी दलालाकडून प्रकल्प क्रमांक मागा आणि नकाशा स्वतः उघडून बघा. क्रमांक द्यायला कां-कूं केली तर दुसरा दलाल गाठा.