मीटरवर ४६,३०० किलोमीटर दाखवून मला २३ लाखांची पोर्शे विकली

आधी आकडे सांगतो, कारण भेटेल तो आधी तेच विचारतो. इसार ५१,००० रुपये. आरटीजीएसने २२,९९,०००. मध्यस्थाचं कमिशन २५,०००. नावावर करून देण्याचा खर्च म्हणून घेतलेले १८,५००. एकूण २३,९३,५०० रुपये. एवढ्या पैशात मी २०११ ची पोर्शे केमन घेतली, मीटरवर ४६,३०० किलोमीटर. गाडी खरी चालली होती दीड लाखाच्या वर.

वरूड तालुक्यात राहून पोर्शे कायले पाहिजे, हा टोमणा घरच्यांपासून ठाणेदारापर्यंत सगळ्यांनी मारून झाला आहे. संत्र्याचा माझा धंदा आहे, पैसा माझा आहे, बँकेतून गेलेला आहे आणि त्यावर कर भरलेला आहे. महागडी वस्तू घेतली म्हणून फसवणूक छोटी होत नाही.

जास्त चाललेल्या गाडीची मला भीती नव्हती, आजही नाही. मी गाडी शेडमध्ये झाकून ठेवायला घेतली नव्हती. काटोलवरून नागपूर, तिथल्या कळमना बाजारातली कामं, कधी समृद्धीवरून संभाजीनगर, अशी ती नियमित चालवायचीच होती. सहा सिलिंडरचं २.९ लिटरचं इंजिन सीटच्या मागे, २६५ अश्वशक्ती. अशी गाडी वेळेवर ऑइल, कूलंट आणि प्लग बदलून चालवली तर लाख-दीड लाख किलोमीटरला काही होत नाही. उलट वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी जास्त खर्चात पाडते, रबराचे पाइप आणि सील वाळतात. विकणाऱ्या डीलरने १ लाख ६० हजार चालली आहे असं तोंडावर सांगितलं असतं, खरी सर्व्हिसची कागदं दिली असती, तर मी पंधरा लाखांना तीच गाडी आनंदाने आणली असती. त्याने माझे आठ लाख खाल्ले, आणि वरून कोणत्या किलोमीटरला काय बदलायचं हेही माझ्यापासून लपवलं. ४६ हजारांचा हिशेब धरून मी जे पुढे ढकललं, ते खरं तर कधीच होऊन जायला हवं होतं.

मीटर मागे करणं, म्हणजे दिसणारे किलोमीटर कमी करणं, काही नवीन नाही. बोलेरोपासून ट्रकपर्यंत चालतं. मला वाटायचं की एवढ्या भारी गाडीत हे सोपं नसेल. सोपं आहे.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री डोळा लागत नाही. २०२५ चा मे महिना, दुपारची वेळ. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात त्या डीलरचं काचेचं शोरूम. गाडी बाहेर उन्हात उभी होती. मी चालवून पाहिली, उतरलो, तर पांढऱ्या पँटवर उजव्या मांडीच्या मागे काळा पट्टा उमटला होता. घामाने ओली झालेली पँट आणि सीटच्या कडेचा रंग. त्याने लगेच ओला टिश्यू पुढे केला, म्हणाला, "सर, लेदर पॉलिश आहे, आजच मारलंय." मी पँट पुसली. त्या कडेला बोट घासलं असतं तर खाली चिरलेलं, झिजलेलं चामडं दिसलं असतं, आणि चौदा वर्षांत फक्त ४६ हजार चाललेल्या गाडीची सीट तशी होत नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत, म्हणजे नवं बसवलेलं होतं. तेही दिसत होतं. स्टिअरिंग मात्र जिथे हात धरतात तिथे गुळगुळीत, चकचकीत झालेलं. तिन्ही गोष्टी एकाच जागी, माझ्या हाताखाली!

पण मला सांगा, त्या क्षणी कोणाला संशय आला असता? सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीत गाडीवर कर्ज नाही, विमा चालू, मालक क्रमांक दोन. सर्व्हिस बुकात शिक्के. रात्रभर प्रवास करून गेलेला माणूस, अंगावर ऊन, सोबत भाचा, तोही गाडीच्या प्रेमात पडलेला. भाच्याने गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा आपला छोटा स्कॅनर काढला होता, तर तो माणूस म्हणाला, "बॅटरी वीक आहे, आत्ता लावू नका, सगळे एरर येतील." विक्रेत्याने स्कॅनर लावू दिला नाही तर तिथून उठा. गाडी कितीही आवडो, उठा.

सर्व्हिस बुकाचे शिक्के नंतर नीट पाहिले. वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी, पण पेन एकच, अक्षर एकच, चार हा आकडा सगळीकडे सारखाच उघड्या डोक्याचा. बुकावर विश्वास ठेवू नका. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जा, आणि आताच्या मालकाच्या सहीनेच रेकॉर्ड मागवायला लावा. तो मालक "परदेशात" असला की समजून घ्या.

पावसाळ्यात काटोलच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा चढला. नागपुरात या गाड्यांचं काम करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे टोइंग करून नेली. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंटचे पाइप, मजुरीसह १,१८,६०० रुपये. लॅपटॉप जोडून त्याने मला जवळ बोलावलं. "भाऊ, हे इंजिन ४,६१० तास चाललं आहे. तुमचं मीटर ४९,१८० दाखवते. भागाकार करून पाहा."

मी मोबाइलवर केला. ताशी सरासरी अकरा किलोमीटरसुद्धा नाही.

इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये चालू तासांची वेगळी नोंद राहते, इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेच्या पुढे किती वेळा फिरलं याचीही राहते. मीटर बदलणारे बहुतेक वेळा फक्त समोर दिसणारा आकडा बदलतात, इंजिनच्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. सिग्नलला उभ्या गाडीचे तासही त्यात धरले जातात, हे मान्य. पण रोज मुंबईच्या गर्दीत अडकली तरी सरासरी वीसच्या आसपास पडेल, आणि थोडा हायवे धरला तर पस्तीस. पस्तीसने गुणलं तर १,६१,३५०. पुढे गाडी माझ्या नावावर असल्यामुळे मला सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड मिळालं. मार्च २०२२ ची नोंद, १,३८,४१२ किलोमीटर. छापील, शिक्क्यासह. गिअरबॉक्सचंही काम निघालं आहे, अंदाजपत्रक ४,८५,००० रुपये, ते अजून केलेलं नाही.

एवढा कागद हातात असल्यावर वाटलं, आता पोलीस त्याला उचलतील. ठाण्यात ऐकायला मिळालं, "व्यवहार तिकडे झाला, तिकडे जा." तिकडे गेलो तर म्हणे, "तुम्ही राहता तिकडे द्या, आणि हा तर दिवाणी मामला आहे." खोटा आकडा दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावी. मी ते कलम छापून नेलं. अंमलदाराने कागद न वाचता परत सरकवला आणि विचारलं, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?" त्या खोलीतले सगळे हसले. माझ्या घामाच्या पैशावर हसले. मला तिथे अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

आरटीओची तऱ्हा वेगळी. "मीटर आमचा विषय नाही, आम्ही चेसिस नंबर पाहतो." मी सांगितलं की १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी डीलरकडे दिल्याची नोंद फॉर्म २९-क वर व्हायला हवी, गाडी किती फिरवली त्याचं ट्रिप रजिस्टर त्याने ठेवायचं असतं. मग त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का, एवढं तरी सांगा! खिडकीवरच्या बाईंनी साहेबांकडे पाठवलं, साहेबांनी त्या शहराच्या आरटीओकडे बोट दाखवलं, त्या आरटीओने माहितीच्या अधिकारात अर्ज करायला सांगितलं. अर्ज केला, उत्तर आलं की तिसऱ्या व्यक्तीची माहिती देता येत नाही. केंद्राने नियम केला, राजपत्रात छापला, आणि तो पाळला जातो की नाही हे फसलेल्या माणसाने विचारायचं नाही? मग नियम कोणासाठी केला?

कळमन्यात पेटीच्या वरच्या थराला मोठी संत्री लावून खाली बारीक भरणाऱ्याचं नाव एका सकाळीत बाजारभर होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या मालाला बोली लागत नाही. या लोकांना असली कसलीच भीती नाही. त्याने शोरूमची पाटी बदलली आहे, जागा तीच.

ग्राहक आयोगात मात्र आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यात ती सोय आहे. त्याच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगात चालतो, मुदत दोन वर्षं. मी अमरावतीला दाखल केली आहे. चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि माझी पहिली नोटीसच "पत्त्यावर नाही" म्हणून परत आली. गाडी फर्मच्या नावावर घेऊ नका, समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो की हा व्यापारी वापर आहे, हा ग्राहकच नाही.

त्याच्या वकिलाने आता एकच गोष्ट धरली आहे. बिलावर "जशी आहे तशी" असं छापलेलं आहे आणि किलोमीटरचा रकाना कोरा आहे. जाहिरातीत ४६,३०० लिहिलं होतं, ती जाहिरात त्याने काढून टाकली. माझ्याकडे तिचा स्क्रीनशॉट आहे, कारण मी भाच्याला दाखवायला तो पाठवला होता. तुम्ही मुद्दाम काढून ठेवा. बिलात किलोमीटर आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या. तो "सिस्टीममध्ये तसा रकाना नाही" म्हणेल, तर पेनने लिहून सही घ्या, नाहीतर इसार परत मागा.

आणि ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे, त्यांनी आजच इंजिनचे तास वाचून घ्यावेत, माझ्याकडून मिस्त्रीने त्या कामाचे १,५०० रुपये घेतले. तक्रार केली की विक्रेता गोड बोलून फोन करतो, "सर, सर्व्हिस बुक पाठवा, आम्ही व्हेरिफाय करून घेतो." मला दोनदा आला. बुक पाठवू नका, फोटोही पाठवू नका.