तीनचाकी सायकल, आठ महिन्यांनंतर

मला डिस्प्रॅक्सिया आहे. हातपाय धडधाकट आहेत, अंगात ताकद आहे, पण दोन हालचाली एकाच वेळी जुळवायच्या म्हटलं की गडबड होते. लहानपणी दोनचाकी शिकवायचा घरच्यांनी खूप प्रयत्न केला. पायडलकडे लक्ष दिलं की हँडल सुटायचं, हँडल धरलं की ब्रेक विसरायचा. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि अनेकांच्या बाबतीत तो मोठेपणीही राहतो. म्हणून माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल असं सविस्तर लिहितेय.

घरापासून ऑफिस ४ किलोमीटर. आठ महिन्यांपूर्वी मी मोठ्यांची तीनचाकी घेतली, तीही वापरलेली. पुढे एक चाक, मागे दोन, २४ इंची चाकं, तीन गिअर, मागे मोठी टोपली. नवी परवडत नव्हती. आज परवडली असती तरी जुनीच घेतली असती, कारण वाचलेले पैसे ब्रेक आणि चाकांवर घालता आले, आणि रोजचा फरक तिथेच पडला.

तीन चाकं म्हणजे पडायची भीती संपली, असं मी धरून चालले होते. अर्धं खरं आहे. सिग्नलला दोन्ही पाय पायडलवर ठेवून निवांत थांबता येतं, चालण्याच्या वेगाने गेलं तरी डगमगत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर चाकांवर होते आणि घाबरलेली नव्हते, याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. पण दोनचाकी वळताना आत झुकते, तीनचाकी झुकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात उताराच्या शेवटी उजवीकडे वळले आणि सीट डावीकडे कलली. मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं होतं. हँडल सरळ केल्यावर ते धपकन खाली आलं.

त्यानंतर पुढचे तीन रविवार रिकाम्या मैदानात एवढंच केलं. ‘ब्रेक, झुक, वळ’ असं मोठ्याने म्हणायचं आणि त्याच क्रमाने करायचं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, मग अंगाचा भार आतल्या बाजूला टाकायचा, मग हँडल. आमच्यासारख्यांना एकत्र हालचाल जड जाते, पण तिचे तुकडे करून तोंडाने म्हटले की शरीर ऐकतं. आता मनातल्या मनात म्हणते.

गंमत म्हणजे दोनचाकीवाल्यांना ही जास्त अवघड जाते. रोज सायकल चालवणारा माझा धाकटा भाऊ दहा पावलांत ओरडला, “ताई, ही मला बाहेर फेकतेय!” त्याला सायकलच झुकवून वळायची सवय, इथे ती झुकत नाही, हँडलच फिरवावं लागतं. मला मोडायला जुनी सवयच नव्हती.

सर्वात दुखलेली चूक मात्र पायाची. पूर्ण थांबायच्या आत पाय खाली टेकवला, आणि मागचं चाक येऊन टाचेवर आदळलं. आठवडाभर बूट घालता येत नव्हता. मागची चाकं सीटच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात हे विसरू नका. मग मी पायडलला वेल्क्रोचे पट्टे लावले. दोनचाकीवर मी ते कधीच लावले नसते, पण इथे थांबल्यावर पाय टेकायची गरजच नाही, आणि पाय पायडलवरून निसटायचा बंद झाला.

ब्रेकबद्दल थोडं जास्त सांगते. मूळ सायकलला दोन लिव्हर होत्या, एक पुढच्या चाकाची, एक मागच्या. माझा एक हात नेहमी आधी दाबायचा. मेकॅनिकने एकाच लिव्हरने दोन केबल ओढल्या जातील अशी जोडणी करून दिली. केबल वेगवेगळ्या असल्याने एक तुटली तरी दुसरा ब्रेक राहतो. त्याच लिव्हरला पार्किंगचं लॉक आहे. ते नसेल तर सायकल घेऊच नका. तीनचाकी स्टँडशिवाय उभी राहते, म्हणजेच जरासा उतार मिळाला की आपोआप चालायला लागते, आणि आपण सीटवर चढून बसताना तर हमखास सरकते.

गिअर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत असलेले घ्या. थांबल्यावरही बदलता येतात. बाहेरचे, चेन उड्या मारणारे गिअर चालता चालताच बदलावे लागतात, आणि सिग्नलच्या आधी ते मला कधीच आठवायचं नाही.

स्वस्त तीनचाकीत बहुधा मागच्या दोनपैकी एकाच चाकाला चेनची ताकद मिळते. बारीक खडीवर तेच चाक जागच्या जागी फिरतं. दोन्ही चाकांना ताकद देणारा डिफरन्शियल जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकीसाठी १८७७ मध्येच केला होता, तरी आज तो महाग सायकलींतच दिसतो. माझ्या सपाट रस्त्याला त्याची उणीव भासली नाही. रोज चढ असेल तर विचार करा.

तिसऱ्या महिन्यात मागून टिकटिक यायला लागली. स्पोक सैल झाले होते. मेकॅनिक म्हणाला, “ताई, सायकल झुकत नाही ना, मग वळताना सगळा जोर चाकावर आडवा येतो.” त्याने चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला, मग मी जाड स्पोकची चाकं बसवून घेतली. जुनी सायकल बघायला गेलात तर मागची बाजू उचलून चाक फिरवा आणि रिम लहरतेय का ते बघा. एकीचा आस वाकलेला होता, ती मी सोडली. दुसऱ्या एका ठिकाणी चालवून बघू देईनात, तीही सोडली. अर्धा तास चालवा, दोन्हीकडे वळा, उतारावर थांबून बघा.

रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे हँडल सतत कडेकडे ओढतं. पहिल्या महिन्यात खांदा दुखायचा. मूठ सैल धरायला लागल्यावर कमी झालं. खड्डे चुकवणं कठीण, पुढचं चाक वाचवलं तर मागचं एक सापडतंच. पंक्चर मात्र सोपं, मागच्या चाकाची बाहेरची बाजू मोकळी असल्याने चाक न काढता ट्यूब बाहेर येते. रुंदी घेण्याआधी मोजा. माझी ७५ सेंटिमीटर आहे, फाटकातून जेमतेम जाते, आणि वजन इतकं की जिन्यावरून नेणं अशक्य.

आधी ऑफिसला पोचायला ३५ मिनिटं लागायची, आता २२. सध्या मागचं डावं चाक हाताने हलवलं की किंचित खडखडतं, बहुतेक बेअरिंग. या रविवारी मेकॅनिककडे नेतेय.