फ्लोट लेव्हल: व्हर्नियरने मोजायची की नळीने?

जुन्या मोटरसायकलची फ्लोट लेव्हल, म्हणजे कार्ब्युरेटरच्या कटोरीत पेट्रोल किती उंचीवर थांबतं ते, बघायच्या सरळ दोन रीती आहेत. कटोरीत तरंगणारा फ्लोट वर आला की नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल बंद करतो. एक, कार्ब्युरेटर काढून, कटोरी उघडून फ्लोटची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. दुसरी, कार्ब्युरेटर जागेवरच ठेवून कटोरीखालच्या ड्रेनला (पेट्रोल काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावायची आणि पेट्रोल खरोखर कुठवर चढतंय ते बघायचं. इंदुरातले बरेच मिस्त्री तिसरीच वापरतात: पेट्रोल आत येतं त्या इनलेटमध्ये फुंक मारायची, फ्लोट बोटाने उचलायचा, हवा अडली की "हो गया भिया". त्याने नीडल व्हॉल्व्ह बंद होतोय एवढंच कळतं. लेव्हल कळत नाही.

माझा कल नळीकडे आहे, पण आधी व्हर्नियरबद्दल, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

नीडलच्या मागे बहुधा स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन असते. कार्ब्युरेटर पूर्ण उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने ती पिन दबते आणि आकडा खोटा येतो. म्हणून कार्ब्युरेटर तिरका धरायचा आणि फ्लोटची पितळी जीभ पिनला नुसती टेकली, दबली नाही, त्या क्षणी मोजायचं. मोजमाप गॅस्केट काढून, बॉडीच्या कडेपासून फ्लोटच्या सगळ्यात लांबच्या टोकापर्यंत. दुहेरी फ्लोट असेल तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. वाकवायची ती फक्त जीभ, आणि तीही नीडलवर दाब न देता, नाहीतर रबरी टोकाला खाच पडते. जीभ पिव्हॉटच्या अगदी जवळ असल्यामुळे ती केसभर हलली तरी फ्लोटचं टोक कितीतरी सरकतं. आणि हिशोब उलटा आहे: उंचीचा आकडा वाढला की पेट्रोलची लेव्हल खाली जाते. इथे भलेभले चुकतात.

हे सगळं नीट केलं तरी व्हर्नियर फ्लोटची जागा सांगतं, पेट्रोलची नाही. फ्लोटमध्ये बारीक छिद्रातून पेट्रोल शिरून तो जड झाला असेल, नीडल बसते ती सीट झिजली असेल, तर टेबलावरचा आकडा पुस्तकाबरहुकूम येतो आणि गाडी तरीही ओव्हरफ्लो होते. शिवाय पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडं जड, त्यामुळे ई20 मध्ये (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) फ्लोट किंचित वर तरंगतो आणि लेव्हल किंचित खाली बसते. फरक छोटा आहे, पण नळीत तो आपोआप धरला जातो.

नळीची रीत म्हणजे गवंड्याची लेव्हलची नळी, पाण्याच्या जागी पेट्रोल. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्याकडे तीच नळी मागा. सलाइनची नळी फुकट मिळाली तरी नको: ती बारीक असते, पेट्रोल कडेने वर ओढलं जातं आणि लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गाडी सपाट जागी, सेंटर स्टँडवर, कार्ब्युरेटर सरळ. नळी कटोरी आणि बॉडीच्या जोडाजवळ उभी धरा, ड्रेनचा स्क्रू सोडा, बुडबुडे जाऊ द्या, इंजिन थोडा वेळ आयडलवर चालवा आणि जोडाच्या रेषेपासून अंतर बघा. मध्येच नळी खाली करून परत वर घेऊ नका. खाली गेलेलं पेट्रोल कटोरीत परततं, नीडल तोवर बंद झालेली असते, आणि लेव्हल फुगलेली दिसते. काम मोकळ्या हवेत करा, गरम सायलेन्सरवर थेंब पडू देऊ नका, बिडीवाल्या मित्राला लांब बसवा.

अडचण एकच, पण खरी: काही कटोऱ्यांखाली नुसता बोल्ट असतो, नळी लावायला तोंडच नाही. मग त्याच आट्याचा दुसरा बोल्ट घेऊन खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) आरपार भोक पाडून पितळी नळी बसवून घ्यावी लागते.

आता निवड. राजदूत 350 असेल तर विचारच करू नका, नळी. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. दोन्हीकडे पेट्रोल एका उंचीवर आहे की नाही ते इतकं झटकन दुसरं काही दाखवत नाही. आरएक्स 100 सफाईसाठी उघडलीच असेल तर व्हर्नियरने लावून घ्या, मग जमल्यास नळीने तपासा. टू-स्ट्रोकला लेव्हल खाली राहिली तर शहरात काही जाणवत नाही. इंदूरजवळचा भेरूघाट चढताना पूर्ण एक्सलेटरवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पिस्टन धरायची, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम व्हायची, भीती असते. प्लास्टिकचा, जीभ नसलेला फ्लोट असेल तर वाकवायला काहीच नाही. नळीने बघा आणि चुकत असेल तर फ्लोट किंवा नीडल-सीट बदला. गाडी उभ्या उभ्या टपकत असेल तर दोन्ही रीती बाजूला ठेवून आधी टाकीतला गाळ आणि नीडल-सीट बघा.

मॅन्युअलमध्ये उंची दिली आहे की पेट्रोलची लेव्हल, हे मात्र नीट वाचा. उंचीचा आकडा अनेक गाड्यांत 20 मिमीच्या आसपास असतो, लेव्हलचा जोडाच्या रेषेपासून काही मिमी. एकावरून दुसरा काढता येत नाही. फक्त उंचीच दिली असेल तर ती लावा, गाडी घाटात आणि गर्दीत दोन्हीकडे नीट चालली की नळीने लेव्हल बघा आणि तो आकडा मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कार्ब्युरेटर उतरवायची गरज पडणार नाही.