मिडी कंट्रोलरचे सुटे भाग: लॅमिंग्टन रोड की सामूहिक ऑर्डर?

मिडी कंट्रोलर म्हणजे नॉब फिरवून संगणकावरच्या संगीताला आकडे पाठवणारी पेटी. एकच कंट्रोलर बनवायचा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार, पुरे. पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा फिरणारा भाग) हातात घेऊन फिरवून बघता येतो, त्यावरचा शिक्काही वाचता येतो. बी१०के म्हणजे लिनिअर (नॉब फिरेल त्याच प्रमाणात आकडा बदलणारा), ए१०के म्हणजे लॉग (आधी हळू, मग झपाट्याने). हे नीट बघाच. मिडीचे आकडे ० ते १२७. लॉग नॉब अर्धा फिरवला तरी आकडा विशीच्या आसपासच घुटमळतो.

पाच-सहा जण जमून परदेशातून एकत्र ऑर्डर टाकली की हिशेब बदलतो. सर्किट बोर्ड बनवणारे बहुधा किमान ५ नग घ्यायला लावतात. एकट्याकडे ४ पडून राहतात. कुरिअर आणि कस्टमचा खर्चही वाटला जातो. पण माझ्या मते खरा फायदा एकसारखेपणाचा: कंट्रोलरवर सोळा नॉब असले तर सोळाही एकाच कंपनीचे, सारख्याच उंचीच्या दांड्याचे. हाताला हा फरक लगेच कळतो.

त्रास आहे तो वर्गणीचा. आधी पैसे गोळा करा, मगच ऑर्डर टाका. यादी एकाच्याच ताब्यात ठेवा आणि दर १० नगांमागे एखादा जास्तीचा मागवा, सोल्डर करताना एखादा जातोच.

रेझिस्टर, डायोड, हेडर पिन असे किरकोळ भाग मात्र लॅमिंग्टन रोडवरूनच आणा; एवढ्यासाठी महिनाभर खोळंबून राहणं मला पटत नाही.