मारिमो मॉस बॉल: गोळा देखणा, पण तपासल्याशिवाय टँकमध्ये नको

घरी माशांचा नवीन टँक लावणाऱ्याला दुकानदार हमखास सुचवतो ती वस्तू म्हणजे मारिमो, शेवाळाचा हिरवा गोळा. माती नको, खत नको, कार्बन डायऑक्साइडची टाकी नको, खिडकीपासून जरा लांबचा उजेडही पुरतो. कोळंबी दिवसभर त्यावर चरत बसते. नुसती वनस्पती म्हणून पाहिलं तर मारिमोला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण कापला तो उष्णतेपायी. हे थंड तळ्यांतलं शेवाळ आहे, पाणी 25 अंशांच्या आत असलं की खूश असतं. पुण्या-मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये ते कडेने तपकिरी पडतं आणि मग आतून सडून वास सुटतो. वाढ वर्षाला जेमतेम 5 मिलिमीटर, त्यामुळे एकदा खराब झालेला भाग लवकर भरून येत नाही.

पण जंगली तळ्यातून काढून आयात केलेला गोळा म्हणून त्याला आम्ही शून्य देतो. कारण त्यात दडून येणारा झेब्रा शिंपला, गोड्या पाण्यातला छोटा पण उपद्रवी प्राणी.

फेब्रुवारी 2021 मध्ये सिएटलमधल्या एका पेट शॉपच्या कर्मचाऱ्याला विक्रीच्या मॉस बॉलमध्ये हा शिंपला दिसला आणि त्याने तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाला, म्हणजे यूएसजीएसला, कळवला. तिथले मत्स्यशास्त्रज्ञ वेस्ली डॅनियल यांना काही दिवसांत फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या दुकानातही तोच प्रकार सापडला. देशाची दोन टोकं, माल एकच: युक्रेनहून आलेला. झेब्रा शिंपला मुळात काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या भागातला, त्यामुळे तिकडच्या पाण्यातून काढलेल्या गोळ्यात तो असणं नवलाचं नाही. 1988 मध्ये तो जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजात भरतात त्या पाण्यातून, अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात पोचला, आणि तेव्हापासून पाणीपुरवठ्याचे व वीजकेंद्रांचे पाइप खरवडण्यात तिथे अफाट पैसा जातो आहे. बोटी अडवून धुण्यासाठी नाके उभारले, आणि हा माल मात्र खोक्यातून थेट दिवाणखान्यात पोचला!

गोळा या प्राण्याला का मानवतो ते समजून घ्यायला हवं. गोवा-सिंधुदुर्गात खडकावरची शिनाणे ज्यांनी ओढून काढली आहेत त्यांना शिंपल्याची ती चिवट दाढी ठाऊक असेल. झेब्रा शिंपल्यालाही तसेच धागे असतात आणि शेवाळाच्या गुंत्यात ते पक्के बसतात. पाण्याबाहेर, ओलसर आणि थंड जागी तो कित्येक दिवस जिवंत राहतो. ओल्या गोळ्याची बंद पिशवी म्हणजे नेमकी तशीच जागा.

तपासणी अशी करा. पांढरा ट्रे घ्या, त्यात टँकचंच थोडं पाणी, वर टॉर्च. गोळा हलक्या हाताने दोन-तीनदा पिळा आणि खाली पडलेला गाळ नीट पाहा. मग बोटांनी पृष्ठभाग सगळीकडून चाचपा. बारीक पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटाला सँडपेपरसारखी खरखर लागते. मोठा शिंपला तिकोनी, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा असतो आणि एका बाजूने सपाट असल्यामुळे टेबलावर उभा राहतो. गोगलगाय आणि यात गल्लत होते, पण फरक सोपा आहे: गोगलगायीचं कवच एकसंध आणि पिळाचं, शिंपल्याला दोन झाकणं. संशय असेल तर गोळा मधोमध फाडा. अस्सल मारिमो आतपर्यंत धाग्यांचाच असतो. आत स्पंज किंवा दोरा निघाला तर तो बनावट आहे, आणि पैसे परत मागायला हरकत नाही.

पण तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच, असं धरू नका. मीठपाणी, पोटॅशियम परमँगनेट किंवा सौम्य ब्लीचमध्ये पाच मिनिटं बुडवून गोळा 'शुद्ध' होतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पाण्यात काही बोचरं जाणवलं की शिंपला झाकणं घट्ट मिटतो आणि ते निघून जाईपर्यंत थांबतो. शिंपल्याला खात्रीने मारणारे उपाय शेवाळही मारतात. म्हणून संशयित गोळा वाचवायच्या भानगडीत पडू नये.

नष्ट करण्याचे अमेरिकी यंत्रणांनी सांगितलेले मार्ग चार. किमान 24 तास फ्रीझरमध्ये, नाहीतर खळखळत्या पाण्यात पूर्ण एक मिनिट, नाहीतर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी न मिसळता 20 मिनिटं, नाहीतर लिटरला साधारण 60 मिली ब्लीच घालून 20 मिनिटं. आमची पसंती उकळण्याला, कारण त्यात चुकण्यासारखं काही नाही. फक्त वेळ पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून मोजा. थंड गोळा टाकला की उकळी बसते. ब्लीचचं प्रमाण तिकडच्या घरगुती ब्लीचसाठी आहे, आपल्याकडच्या बाटलीवरची टक्केवारी बघून घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर गोळा पिशवीत बांधून कचऱ्यात.

खरी चूक होते ती पाण्यात. गोळा फेकला, पण टँकचं पाणी तसंच गटारात ओतलं, तर अर्धं काम राहिलं. मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी देते, आणि अळ्या इतक्या सूक्ष्म असतात की फिल्टरच्या साध्या स्पंजमधून आरपार जातात. मासे आधी दुसऱ्या भांड्यात हलवा, मग जुन्या पाण्यात लिटरला सुमारे 40 मिली ब्लीच घालून 15 मिनिटं ठेवा आणि घरातल्या सांडपाण्याच्या जाळीत सोडा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नाही. फिल्टर, दगड, जाळी, सगळं निर्जंतुक करा आणि नवीन पाणी भरण्याआधी ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. त्यानंतरही काही आठवडे काच आणि फिल्टरचं तोंड बोटाने चाचपत राहा.

आपल्याकडे पाणी गरम, म्हणून काळजी नाही, असं कुणी म्हणेल. झेब्रा शिंपल्याला 30 अंशांच्या वरचं पाणी जड जातं, हे खरं. पण त्याच सवयींचा सोनेरी शिंपला मूळचा चीन आणि आग्नेय आशियातला आहे. त्याला गरम पाणी चालतं आणि कमी कॅल्शियमचंही चालतं. 1991 मध्ये तो अर्जेंटिनाच्या ला प्लाटा नदीमुखात दिसला, तिथून नदीने वर चढत ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणापर्यंत पोचला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात सापडला. आणि हौशी टँकमधलं काय धरणात पोचू शकतं, ते उजनीत जाळी टाकणाऱ्यांना विचारा. टँकची काच साफ ठेवायला विकला जाणारा सकर मासा तिथे आपणहून आलेला नाही.

मग घ्यायचं काय? हिरवा गोळाच हवा असेल तर टिश्यू कल्चरच्या बंद कपातला जावा मॉस घ्या, जेल धुऊन टाका आणि दगडावर किंवा जाळीच्या चेंडूवर पातळ थरात दोऱ्याने बांधा. कपातली रोपं प्रयोगशाळेत वाढलेली असल्याने त्यांच्याबरोबर गोगलगाय, शिंपला काहीच येत नाही. थोडा महाग पडतो, महिना-दीड महिना जरा केविलवाणा दिसतो, पण आपल्या उन्हाळ्यात मारिमोपेक्षा बरा टिकतो. मारिमोच हवा असेल तर दुकानदाराला एकच विचारा: तळ्यातून काढलेला की टाकीत वाढवलेला, आणि कुठल्या देशाचा? उत्तर नीट मिळालं नाही तर पिशवी परत काउंटरवर ठेवा.