फोटोग्राफर मंडळी, डोमेनचा ओटीपी कुणालाही देऊ नका

तुळशीचं लग्न लागलं की ठाण्यातल्या फोटोग्राफरांना मान वर करायला वेळ नसतो, आणि असे मेसेज नेमके तेव्हाच येतात. नौपाड्यातल्या एका वेडिंग स्टुडिओला गेल्या नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर आलेला हा नमुना: "सर, तुमच्या गॅलरीचे मेल क्लायंटच्या स्पॅममध्ये जातायत. गुगलचे नवीन रूल आलेत. स्वतःच्या डोमेनवरून मेल गेले नाहीत तर डोमेन ब्लॅकलिस्ट होईल. एका दिवसात करून देतो." स्टुडिओचं नाव इथे देत नाही आणि करून देणाऱ्याचंही नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे. कोटेशन, चॅट आणि डोमेनचे, म्हणजे स्टुडिओच्या इंटरनेटवरच्या नावाचे, रेकॉर्ड समोर ठेवून हे लिहिलंय.

त्या मेसेजमध्ये अर्धं खरं होतं, म्हणून तो पचला. ऑनलाइन गॅलरी सेवेतून "तुमचे फोटो तयार आहेत" किंवा "गॅलरी आठ दिवसांत बंद होईल" असे मेल जातात ते मुळात त्या सेवेच्या पत्त्यावरून. पाठवणाऱ्याच्या जागी स्टुडिओचं नाव दिसतं, पण नावावर टिचकी मारली की पत्ता भलताच. नवरीची आई तो बघून विचारते, "हा मेल तुमचाच ना?" त्यामुळे स्वतःच्या डोमेनचा पत्ता लावणं रास्तच आहे.

गुगलचे नियमही खरे आहेत, फक्त ते सांगितले तसे नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ती सूचना) आणि प्रमोशनल मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब ही सगळी यादी गुगलने लागू केली ती जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना. लहान पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. घोडबंदर रोडच्या लॉन्सवरचं हजार पाहुण्यांचं लग्न घ्या आणि प्रत्येकाला गॅलरीची लिंक पाठवा, तरी ५,००० होत नाहीत.

आता कोटेशन. डोमेन ऑथेंटिकेशन ५,०००, ईमेल एसएसएल ३,०००, गुगल आयपी व्हाइटलिस्टिंग ६,०००. बेरीज १४,०००, वर १८ टक्के जीएसटी २,५२०, एकूण १६,५२० रुपये. पहिल्या ओळीचं काम, म्हणजे एसपीएफ-डीकिमचे रेकॉर्ड डोमेनवर टाकणं, खरोखर असतं. ते अर्ध्या तासाचं आहे आणि रेकॉर्ड टाकायला डोमेन कंपनी एक पैसा घेत नाही, पण कुणी आपल्या वेळेचे पैसे लावले तर त्यात गैर काही नाही. दुसरी ओळ निव्वळ थाप. मेल गॅलरी सेवेच्या सर्व्हरवरून निघतात, तिथलं एन्क्रिप्शन त्या सेवेचं असतं, स्टुडिओने त्यासाठी सर्टिफिकेट घ्यायचा प्रश्नच येत नाही. तिसरी तर त्याहून भारी. आयपीसुद्धा (म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) त्या सेवेचाच असतो, आणि पैसे घेऊन कुणाचा आयपी इनबॉक्सात सोडायची सोय गुगलकडे नाही. ज्या कोटेशनवर "गुगल व्हाइटलिस्टिंग" ही ओळ असेल ते तिथेच बाजूला ठेवावं.

कोटेशनच्या तळाशी जीएसटी नंबर होता, सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्राचा. दिसायला झकास. मोजला तर चौदाच अक्षरं भरतात. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तो शोधता येतो. त्या २,५२० रुपयांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

खरी चूक पैसे देण्यात नव्हती, ती पुढच्या पायरीवर झाली. "डीएनएस बदलायला लॉगिन लागेल, ओटीपी आला की सांगा." शूटच्या गडबडीत दोन ओटीपी फोनवर सांगितले गेले. पहिल्याने तो करून देणारा डोमेन कंपनीच्या खात्यात शिरला, दुसऱ्याने खात्याचा नोंदणीकृत ईमेल बदलला. मग त्याने नेमसर्व्हर आपल्या खात्याकडे वळवले.

नेमसर्व्हर म्हणजे काय हे इथे नीट कळायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुमच्या डोमेनची वेबसाइट कुठे, येणारे मेल कुठे पोचवायचे, तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, या तिन्हींची उत्तरं नेमसर्व्हरवरच्या झोनमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत, असतात, आणि या सगळ्या व्यवस्थेला म्हणतात डीएनएस. गॅलरीच्या मेलसाठी त्या झोनमध्ये दोन-तीन ओळी वाढवायच्या असतात, अख्खा झोन हलवायची कधीच गरज नसते. दारावर नावाची पाटी लावायला आलेल्या माणसाने कुलूपच बदललं, असा हा प्रकार. शिवाय झोन ज्याच्या हातात, तो स्वतःची डीकिम चावी त्यात टाकून तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो. "बॅलन्स पेमेंट या नवीन यूपीआयवर करा" असा मेल जीमेलच्या सगळ्या तपासण्या पास होऊन क्लायंटपर्यंत जाईल. या प्रकरणात तसं झाल्याचं दिसलं नाही, हे नशीब.

झोन हलवताना त्याने वेबसाइटची ओळ आणली, एमएक्स (येणारे मेल कुठे पोचवायचे त्या ओळी) आणले नाहीत. एमएक्स नसलं की पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे थेट वेबसाइटच्या आयपीवर मेल देऊन बघतो, तिथे मेल घेणारं कुणी नसतं, आणि मेल परत जातो. चौकशीचा पत्ता तीन आठवडे मुका होता. स्टुडिओला याची कल्पनाच नाही, कारण बरीचशी बोलणी व्हॉट्सअॅपवर. नेरूळच्या एका कुटुंबाने फोन करून "तुमचा मेल परत येतोय" म्हटलं तेव्हा कळलं. त्यावर करून देणाऱ्याचं उत्तर "सर्व्हर मायग्रेशन इश्यू" आणि "मेल रिस्टोर" चे ६,५०० रुपये. एमएक्सच्या ओळी परत टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि आधी परत गेलेले मेल कशानेही रिस्टोर होत नाहीत.

बरं, मूळ काम तरी झालं होतं का? तेही नाही. एसपीएफचा एक टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड आधीपासून होता, याने शेजारी दुसरा टाकला. एका डोमेनवर एसपीएफ एकच चालतो. दोन दिसले की तपासणी "परमएरर" देते, म्हणजे आधीचा बरा चालणारा एसपीएफही बाद. डीकिमचे सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारे रेकॉर्ड) होते, पण होस्टच्या रकान्यात गॅलरीने दिलेलं पूर्ण नाव जसंच्या तसं चिकटवलेलं. बहुतेक पॅनेल शेवटी डोमेन स्वतःच जोडतात, त्यामुळे रेकॉर्ड तयार झाला तो डोमेनचं नाव दोनदा असलेला. तो कुणालाच सापडत नाही. ही चूक भल्याभल्यांकडून होते, पण पडताळणीचं बटण दाबलं की गॅलरीचं पॅनेल लगेच "सापडला नाही" म्हणतं. याने ते बटण दाबलंच नव्हतं. पाठवणाऱ्याचं नाव आणि उत्तराचा पत्ता एवढंच बदलून ठेवलं होतं. मेल जुन्याच पत्त्यावरून जात होते. फोनवर नावच तेवढं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग डेमोमध्ये मेल इनबॉक्सात कसा आला? स्टुडिओच्या जीमेलमध्ये, सेटिंग्जमधल्या फिल्टरच्या पानावर, एक ओळ सापडली: स्टुडिओचं नाव असलेला कोणताही मेल "स्पॅममध्ये कधीही टाकू नका". डेमोच्या आधी "जरा तुमचं जीमेल उघडून द्या" म्हणाला होता, त्यात हे उरकलं. स्वतःच्या जीमेलवर घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

डिसेंबरपासून महिना १,४९९ "मेल सर्व्हर मेंटेनन्स". असा कुठलाच सर्व्हर नव्हता. तीन हप्त्यांनंतर मार्चमध्ये पैसे थांबवले, तर दुसऱ्या दिवशी वेबसाइट आणि मेल दोन्ही गायब, आणि निरोप आला, "रिलीज चार्जेस २५,०००". तोवर १६,५२०, ६,५०० आणि ४,४९७ मिळून २७,५१७ रुपये गेले होते. ते २५,००० दिले नाहीत, हे एक बरं केलं.

हेच काम सरळ करायचं तर असं होतं. आधी बघा, तुमच्या गॅलरीच्या प्लॅनमध्ये स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवायची सोय आहे का. बऱ्याच सेवांत ती वरच्या प्लॅनला असते. जीमेलचा फुकट पत्ता इथे चालत नाही, कारण जीमेलच्या डोमेनवर तुम्ही रेकॉर्ड टाकू शकत नाही. गॅलरीची लिंक तुमच्या डोमेनवर दिसणं आणि मेल तुमच्या डोमेनवरून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचे पैसे घेऊन दुसरी केल्याचं सांगणारेही भेटतात. ज्या पत्त्यावरून पाठवायचं तो मेलबॉक्स खरोखर असायला हवा. रेकॉर्ड टाकल्याने मेलबॉक्स तयार होत नाही, आणि नसेल तर क्लायंटचं "अल्बमसाठी हे साठ फोटो घ्या" हे उत्तर हवेत जातं.

मग गॅलरीच्या पॅनेलमध्ये पत्ता घातला की ते दोन-तीन सीनेम देतं. ते तुमच्या डोमेन कंपनीच्या डीएनएसमध्ये तुम्ही स्वतः टाकायचे. मदतनिसाला शेजारी बसवा, नाहीतर ओळी व्हॉट्सअॅपवर मागवा. त्यात गुपित काही नसतं, हे रेकॉर्ड जगाला उघडे दिसतात. होस्टमध्ये डोमेनच्या आधीचा भागच टाकायचा. डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल तर त्या ओळींसमोरचा नारिंगी ढग राखाडी करायचा, नाहीतर पडताळणी अडकते. एसपीएफ मागितला असेल तर नवीन रेकॉर्ड न करता जुन्याच ओळीत त्यांचं "इन्क्लुड" (त्यांच्या सर्व्हरला परवानगी देणारा तुकडा) शेवटच्या "ऑल" च्या आधी घालायचं, आणि "ऑल" ला जोडून आधी चुकूनही अधिकचं (+) चिन्ह ठेवायचं नाही. ते असलं की कोणीही तुमच्या नावाने पाठवायला मोकळा. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहाच शोध घेता येतात, म्हणून जुन्या, बंद केलेल्या सेवांचे इन्क्लुड काढून टाका. बऱ्याच गॅलरी सेवा परतीचा पत्ता (न पोचलेला मेल जिथे परत येतो तो) वेगळ्या सबडोमेनवर, म्हणजे डोमेनच्या आधी एक शब्द जोडलेल्या नावावर, ठेवतात, तिथे मुख्य एसपीएफला हात लावायची वेळच येत नाही. डीमार्क सुरुवातीला "पी=नन" (नापास मेलवर कारवाई नाही) ठेवून अहवाल स्वतःच्या पत्त्यावर घ्या, दोन-तीन आठवडे सगळं पास दिसलं की "क्वारंटाइन" (नापास मेल स्पॅममध्ये). थेट "रिजेक्ट" (नापास मेल घ्यायचाच नाही) वर उडी मारली तर बुकिंग फॉर्मचे आणि बिलाचे मेल पहिले मरतात. (ही सगळी अक्षरं टाकायची इंग्रजीतच, हे सांगायला नको.)

चाचणी घ्यायची ती चुलत भावाच्या जीमेलवर, ज्याला स्टुडिओचा मेल कधी गेलेला नाही. कॉम्प्युटरवर मेल उघडा, तीन टिंबांतून "शो ओरिजिनल". फोनच्या अॅपमध्ये हे मिळत नाही. वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. डीकिमपुढे "पास" आणि त्याच्यापुढे तुमचं डोमेन असायला हवं. पास आहे पण डोमेन गॅलरी सेवेचं आहे, तर काम झालेलं नाही. कामाचे पैसे द्यायचे ते हा स्क्रीनशॉट बघून, आगाऊ नाही.

ज्यांचं डोमेन आधीच अडकलंय त्यांनी पहिला फोन डोमेन कंपनीला करावा. या स्टुडिओकडे डोमेन खरेदीचं मूळ बिल होतं, पॅन होतं, खातं त्यांच्याच नावाने उघडलेलं होतं. चार दिवसांत ते परत मिळालं. नेमसर्व्हर मूळ जागी फिरवल्यावर जुना झोन तसाच निघाला, म्हणून साइट आणि मेल परत आले. प्रत्येक कंपनी जुना झोन सांभाळत नाही, तेव्हा आजच आपल्या झोनचा फोटो काढून ठेवा. डोमेन एजंटच्या नावावर घेतलेलं असेल तर प्रकरण फार जड जातं. आणि नेमसर्व्हर परत फिरवण्याआधी त्या माणसाच्या झोनमधल्या सगळ्या ओळी तारीख-वेळेसकट टिपून घ्या. डीएनएस जुनं काही लक्षात ठेवत नाही, फिरवलं की तो पुरावा गेला. नंतर पासवर्ड, दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि तुम्ही न टाकलेला प्रत्येक सीनेम व टीएक्सटी उडवणं.

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, म्हणजे समोरच्याच्या खात्यात रक्कम असेपर्यंत ती गोठवता येण्याची शक्यता असते. इथे पहिलं पेमेंट चार महिने जुनं होतं, म्हणून राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि जवळच्या पोलीस ठाण्यात प्रत. ठाणे शहराचं आणि नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, पण समोरच्याचा पत्ता वाशीचा म्हणून तिकडे जायची गरज नाही, तक्रार आपल्याच पोलीस ठाण्यात घेतात. चॅट एक्स्पोर्ट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, कोटेशनची पीडीएफ आणि ओटीपीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत न्या. वाशीचा पत्ता पुढे भाड्याच्या टेबलाचा निघाला.

पैसे अजून आलेले नाहीत. मागच्या आठवड्यात खारघरच्या एका मेकअप आर्टिस्टने विचारायला म्हणून एक कोटेशन पाठवलं. तीच पीडीएफ, तोच चौदा अक्षरांचा जीएसटी नंबर. फक्त व्हाइटलिस्टिंगचे ६,००० होते त्याचे आता ८,५०० झालेत.