प्रेडनिसोलोनचे नऊ महिने: तोंड बरं झालं, मांड्या गेल्या

गणपतीत आरती झाली आणि पाटावरून उठताच येईना. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. मुलाच्या खांद्याला धरून कशीबशी उभी राहिले. "आई, गुडघे गेले तुझे," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी सुरू होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. दुखणं पेम्फिगसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते तो आजार. तोंडभर फोड, वरणभातसुद्धा झोंबायचा. ५० मिलिग्रॅमवर सुरुवात केली, पंधरवड्यात फोड सुकायला लागले, महिन्याभरानं भाकरी खाल्ली. त्या बाबतीत औषधाला नावं ठेवायला जागा नाही.

सुरुवातीलाच साखर, बीपी, हाडं सगळं समजावलं होतं, कॅल्शियमही चालू केलं होतं. मांड्यांचं मात्र कुणी बोललं नाही. आणि कळणार तरी कसं? वजन उलट चार किलोंनी वाढलेलं, चेहरा गरगरीत; शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली हो! बरणीचं घट्ट झाकणही मी पूर्वीसारखंच उघडत होते. मेख तिथंच आहे. स्टिरॉइड आधी कमरेचे नि मांड्यांचे स्नायू खातं, खांद्यांचेही; मूठ बहुतेक शाबूत राहते. एसटीची पहिली पायरी आणि माळ्यावरचा डबा किती दिवस जड जात होता, ते मग आठवलं.

सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, तपासला तर नॉर्मल आलं. मी खूश. डॉक्टर म्हणाले, यात ते बहुधा नॉर्मलच येतं. स्नायूला सूज नसते. त्यातलं प्रथिन मोडायचा वेग वाढतो, नवं घडणं मंदावतं आणि तंतू बारीक होत जातात. त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू जास्त. म्हणून मी बाजारात चालत जायचे, पण पाटावर बसले की अडकायचे.

घाबरून मी परस्पर दोन दिवस गोळी बंद केली. मूर्खपणा! चक्कर, उलट्या, आणि वर डॉक्टरांची बोलणी. इतके महिने गोळी घेतल्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं विसरलेल्या असतात. मग अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडीला देऊन डोस हळूहळू उतरवला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठबस करायला लावली. ३० सेकंदांत पाच वेळा! लाजच वाटली. "थकवा आला तरी पडून राहू नका, पडून राहिलात तर आणखी झिजेल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तीच उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जेवणात अंडं नाहीतर उसळ. गोळी सुरू करणाऱ्यांनी हा खुर्चीचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. माझ्याकडे 'आधीचा' आकडाच नाही.

आता १० मिलिग्रॅमवर आहे, उठबस अकरावर. परवा पाडव्याला गुढी मीच उभारली, तांब्या चढवताना खांदे थोडे थरथरले. पूजेवरून उठताना एक हात मात्र अजून जमिनीला टेकावा लागतो.